कितीही मारा, ओरडत नाही

जगन कांदळकरचा उजवा हात मी आधी पाहिला, माणूस नंतर. घाटकोपरच्या मैदानावर नवरात्रीच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. टळटळीत दुपार, स्टेजच्या मागे आम्ही गाणारे-वाजवणारे चहा पीत उभे, आणि एक हात माइकचा लोखंडी स्टँड घेऊन वर गेला. खाली आला तेव्हा साउंडवाल्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. साउंडवाल्याचा गुन्हा काय, तर त्याने जगनला, म्हणजे आमच्या या नव्या गिटारवाल्याला, न विचारता गिटारचा आवाज वाढवला आणि तो फाटला. चौघांनी धरून ठेवलेला असतानाही जगन एकच सांगत होता, मला साफ पाहिजे, मी साफ बोललो होतो. तोंडावर राग नव्हताच, उलट अन्याय झाल्याचं दुःख होतं. त्या दुःखाचा मला तेव्हा जेवढा संताप आला, तेवढाच आज हे सांगतानाही येतोय.

मी दिवसा ऑफिसात बसते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गाते. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची जुनी तीन मजली इमारत आहे. पुढच्याच वर्षी हा माणूस आईला आणि नव्या बायकोला घेऊन माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. दारात उभा राहून हसत म्हणाला, "सुलू, आता तुझी सुटका नाही." नव्हतीच.

आता खरं सांगायचं तर माणूस लाघवी होता. कोणाचीही नक्कल करायचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची अशी करायचा की खुद्द सेक्रेटरी पोट धरून हसायचे. कोणाच्या घरी मयत झालं की सगळ्यात आधी जगन खांदा द्यायला. मी तापाने पडले तेव्हा सकाळ-संध्याकाळ पेजेचं पातेलं घेऊन दारात उभा. म्हणून तर लोकांना त्याचं बाकीचं खरं वाटायचं नाही. राक्षसासारखा दिसला असता तर आम्हा सगळ्यांचं काम सोपं झालं असतं.

त्याचा जीव "साफ" या शब्दात अडकलेला. शर्ट साफ पाहिजे, ताट साफ पाहिजे, चहाच्या ग्लासवर बोटाचा ठसा दिसला तर ग्लास भिंतीवर. नाक्यावरचा चहावाला त्याच्यासाठी एक ग्लास वेगळा पुसून ठेवायचा, प्रेमाने नाही, भीतीने. आणि सगळ्यात साफ पाहिजे तो गिटारचा आवाज. एकेक सूर सुटा, मोकळा, घंटेसारखा. त्यात जरा खरखर आली की याच्या डोक्यात तिडीक जायची.

आणि गंमत बघा, खरखर त्याच्याच हातात होती. जगनचा हात बेंजोवर घडलेला. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी असते ना, तिच्यात हा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून वाजवायचा. बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य ते. समोर ढोल, बाजूला ताशे, वर फटाके, आणि त्या कल्लोळातून आपला सूर लोकांच्या कानात घालायचा म्हणजे तारेवर नखी मारावीच लागते. जगन नखीसुद्धा बाजारची वापरायचा नाही, साबणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डबीतून कापून घ्यायचा. पुढे बेंजो सुटला, गिटार आली, हात तोच राहिला. हळदीच्या कार्यक्रमात तो हात खपून जायचा. नव्हे, लोक नाचायचे त्याच्यावर.

हा हात आला कुठून, ते त्याने मला एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितलं. बाप गिरणीत होता. गिरणी गेली, मग वॉचमनकी आली, मग बाटली आली, आणि मग बायकोला आणि पोराला पट्ट्याने मारणं आलं. जगन एकोणीस वर्षांचा झाला आणि एके दिवशी त्याने बापाचं मनगट धरून दारात घालून दार लावलं. मनगट चेचलं. बाप पुन्हा कधी हात उचलू शकला नाही. "त्या दिवशी घरात शांतता झाली सुलू," तो म्हणाला, "म्हणून मला माहितेय, मारल्याशिवाय शांतता होत नाही." पापड उलटे करत म्हणाला, अगदी सहज.

त्याची बायको रेखा खारदांड्याची. तिथल्याच एका हळदीत दोघांचं जमलं. तिची आई खारच्या बाजारात मासे विकते, आणि त्या बाईचा आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली की खाडीतली होडी मान वळवेल. रेखाचाही आवाज आईचाच. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ती गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारायची तर तीन इमारतींतल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरायच्या. मग हळूहळू तो आवाज बंद झाला. मला वाटलं, मुलगी रुळली.

कसली रुळली. एका हळदीच्या कार्यक्रमाला तिला सोबत नेलं होतं. तयार होताना ब्लाउजचे हूक लावायला म्हणून ती माझ्याकडे पाठमोरी झाली. पाठ निळी-पिवळी झाली होती, खालपासून वरपर्यंत. माझ्या हातातला हूक सुटला. आमच्या दोन घरांमधली भिंत अर्ध्या विटेची. तिच्याकडे फोडणी पडली की मला शिंक येते. तरी इतक्या महिन्यांत मला एक किंकाळी ऐकू आली नव्हती, एक हुंदका नाही. मी तिला विचारलं, अगं, तोंड काय शिवून घेतलं होतंस? तेव्हा तिने सांगितलं. पहिल्यांदा मार बसला तेव्हा सासू स्वयंपाकघरातून धावत आली. वाटलं सोडवेल. सासूने तिच्या तोंडावर पदर दाबला आणि कानात म्हणाली, "आरडू नको गो बाय, लोका आयाकतत." म्हातारीने स्वतः सगळा जन्म तसाच काढलेला. सुनेला तिने आपल्याकडचं होतं ते दिलं.

मी त्याच संध्याकाळी जगनला जिन्यात गाठलं आणि सगळ्यांसमोर कानफटवलं. माझा हातही काही हलका नाही. तो उलटून आला नाही. पायरीवर बसून रडला, माझे पाय धरले, आईची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला आइस्क्रीम. महिनाभराने रेखाचं बोट मोडलं. मी तिला हाताला धरून पोलीस चौकीत नेलं, तर तिथे म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. बाहेर आल्यावर मी तिच्यावर इतकी भडकले की रस्त्यातली माणसं बघायला लागली. तेव्हा ती म्हणाली, "सुलूताई, तो बोलतो, एकदा साफ आवाज मिळाला ना की त्याचं डोकं शांत होईल. एकदा मिळू दे त्याला." तिचा खरंच विश्वास होता. तिने आपली सगळी आशा एका पेटीवर लावली होती.

पेटी म्हणजे अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करून बाहेर सोडतो तो. त्याच दिवसांत जगनला जुन्या भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवायची संधी आली होती. नाट्यगृहात, खुर्च्यांवर बसून ऐकणाऱ्या लोकांसमोर. हळद नाही, मिरवणूक नाही. पण तालमीत निवेदक हसत म्हणाले की कांदळकरांची गिटार ट्रॅक्टरसारखी वाजते, जरा स्वच्छ करून आणा. जगनने तिथे स्वतःला कसं आवरलं देव जाणे. घरी येऊन त्याने आपला अ‍ॅम्प गॅलरीच्या कठड्यावरून खाली टाकला. खाली झोपलेलं कुत्रं थोडक्यात वाचलं. नंतर उसना आणलेला दुसरा अ‍ॅम्प लाथेने फोडला. मग कोणीतरी त्याला मालाडच्या आयव्हनचा पत्ता दिला.

आयव्हन ओर्लेमला राहतो. बैठ्या घराच्या मागच्या खोलीत एकटा बसून हाताने अ‍ॅम्प बनवतो. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तसे व्हॉल्व्ह घालून. वर्षाला मोजकेच बनवतो, आणि गिऱ्हाईक आवडलं नाही तर विकत नाही. व्हॉल्व्ह तापून केशरी व्हायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ तो कोणाला तारेला हात लावू देत नाही. त्याची आणखी एक पद्धत होती. निवडायला आलेल्या माणसाला तो अ‍ॅम्पकडे पाठ करून स्टुलावर बसवायचा. लोक डोळ्यांनी ऐकतात म्हणे. मोठी पेटी दिसली की तिचा आवाज मोठा वाटतो, देखणी दिसली की गोड वाटतो. म्हणून पाठ करायची, वायर आयव्हन बदलणार, आपण फक्त वाजवायचं आणि सांगायचं.

त्या रविवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने ओर्लेमला गेलो. मला रेखाने ओढून नेलं, तिला एकटीला धीर नव्हता. तिने नवी साडी नेसली होती. मुलगी बघायला निघाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

जगन पाठ करून बसला. आयव्हनने पहिली वायर जोडली. जगनने आपल्या नेहमीच्या हाताने तार मारली आणि पेटीतून घर्रर्र असा आवाज आला, कोणाचा तरी गळा दाबल्यासारखा. आयव्हन शांतपणे म्हणाला, "हलका हात लाव मॅन, ह्याच्यात खूप गोड आवाज आहे." जगनने पुन्हा मारली, आणखी जोरात. पेटी आणखी ओरडली. जगनने उठून स्टूल लाथाडलं, ते ओढून पुन्हा बसला. कपाळावरची शीर उडत होती. मी आणि रेखा भिंतीला टेकलेल्या. आम्ही बघत होतो, तो लहानसा अ‍ॅम्प होता, टोपलीएवढा.

मग आयव्हनने दुसरी वायर जोडली. हा कपाटासारखा मोठा. जगनने मारली आणि खोलीत सूर उभा राहिला. साफ. खरंच साफ, माझ्या अंगावर काटा आला. त्याने जोरात मारली, तरी साफ. मनगट वर नेऊन, दात आवळून, नखी तुटेपर्यंत मारली. पेटीने सगळं गिळलं आणि साफ सूर बाहेर दिला. जगन हसायला लागला. पाठ आमच्याकडेच, पण त्याचे खांदे हसत होते.

"हाच पाहिजे," तो म्हणाला. "कितीही मारा, ओरडत नाही."

खोलीत व्हॉल्व्हची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. रेखा भिंतीपासून बाजूला झाली.

"तसली एक आहे ना तुझ्याकडे घरी," ती म्हणाली. "आणखी कशाला?"

जगन वळला. लग्न झाल्यापासून तिने त्याला चारचौघांत पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. त्याच्या डोळ्यांत मी ते दुःख पुन्हा पाहिलं, घाटकोपरला पाहिलं होतं तेच. तीन पावलांत तो तिच्यापाशी आला आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ती मागच्या मागे त्या मोठ्या अ‍ॅम्पवर आदळली. अशा अ‍ॅम्पच्या पोटात आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगा असतात, पेटीला धक्का बसला की त्या एकमेकींवर आपटतात. धडाडकन असा आवाज झाला की आयव्हनच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. पेटी गडगडली. रेखाच्या तोंडातून मात्र आवाज नाही. ओठ फाटला होता, रक्त नव्या साडीवर पडत होतं, आणि ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती.

माझ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती, भरलेली. ती मी जगनच्या कानशिलावर घातली. तो गुडघ्यावर आला. उठायला लागला तसा आयव्हन मध्ये उभा राहिला, हातात वायरींना डाग द्यायची तापलेली सोल्डरिंगची दांडी तशीच. एरवी मवाळ माणूस, पण तेव्हा म्हणाला, इथून हललास तर ही तुझ्या डोळ्यात घालीन. मी रेखाला उठवलं आणि रिक्षात घातलं. मुलुंडला नाही, खारदांड्याला. अख्ख्या वाटेत ती एवढंच बोलली की माझी विळी तिथेच राहिली. आईने लग्नात दिलेली, मासे कापायची, भली मोठी विळी. माणसाचं मन अशा वेळी कशात अडकेल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जगनच्या घरात डोकावले तर पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही, आरसा, कपाटाचं दार, रेखाच्या बांगड्यांचा डबा, सगळ्याचा चुरा. म्हातारी स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होती. तांदळात काचा होत्या, त्या वेगळ्या करत होती.

पुढच्या आठवड्यात जगन बायकोला आणायला खारदांड्याला गेला. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. धक्क्यावर रेखा आईबरोबर मासळी निवडत बसली होती. तो गोड बोलला, रेखा उठली नाही. मग त्याने तिचा दंड धरला. बस. रेखाच्या आईने बर्फ फोडायची लाकडी मोगरी उचलली. पहिला घाव तिचा, बरगडीवर. मग बाकीच्या बायका उठल्या. पुरुष जाळी विणत बसले होते ते तसेच बसून राहिले, कोणी मध्ये पडला नाही, त्याची गरजच पडली नाही. मासळीच्या पाट्यांनी मारलं, चपलांनी मारलं, एकीने गोणपाटाने त्याचं तोंड बांधून मारलं. दोन बरगड्या गेल्या, पुढचा दात गेला. रेखाने हात लावला नाही. ती नुसती बघत होती, असं तिनेच मला सांगितलं. मला हे ऐकून बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. कोणाला राग येत असेल तर येऊ दे.

बरगड्या सांधल्यावर जगन पुन्हा आयव्हनकडे गेला. हे आयव्हनने मला नंतर सांगितलं. तो याला दारातूनच हाकलत होता. म्हणाला, कितीही पैसे मोजलेस तरी मोठा अ‍ॅम्प तुला देणार नाही. जगन म्हणाला, मोठा नको, तो ओरडणारा दे. आणि न सांगता स्टुलावर पाठ करून बसला. दुपारपासून दिवे लागेपर्यंत बसला. आयव्हनचं म्हणणं, त्याने तो लहान अ‍ॅम्प जगनला दिला तो दयेपोटी नाही. पहिल्यांदाच या माणसाने व्हॉल्व्ह तापेपर्यंत हात मांडीवर ठेवला होता, म्हणून दिला.

मग सुरू झालं माझ्या भिंतीपलीकडे. रोज संध्याकाळी घर्रर्र. मग शिवी. मग काहीतरी आपटल्याचा आवाज. पुन्हा सुरुवात. हात जरा जड झाला की अ‍ॅम्प ओरडायचा, आणि अख्ख्या इमारतीला कळायचं की कांदळकरचा हात आज जड आहे. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, ओरडू दे. इतके महिने त्या घरातून काही ऐकू येत नव्हतं तेव्हा तुम्ही कुठे तक्रार केलीत?

हळूहळू घर्रर्र कमी झाली. साबणाच्या डबीची नखी गेली, तो नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. आणि एका संध्याकाळी भिंतीतून असा सूर आला की मी पोळी तव्यावर विसरले. त्या मोठ्या अ‍ॅम्पच्या सुराहून साफ. त्यात ऊब होती. भावगीतांच्या कार्यक्रमात लोक त्याच्या गिटारला टाळ्या द्यायला लागले. निवेदक त्याचं नाव आदराने घ्यायला लागले. इमारतीतले लोक म्हणू लागले, जगन सुधारला हो, रेखाने आता यायला हवं.

मला या लोकांची कीव येते. होळीच्या दिवशी सकाळी याच जगनने पार्किंगवरून वॉचमनचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटलं. वॉचमनच्या भुवईला टाके पडले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो इतकं सुंदर वाजवत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून मला स्वतःचाच राग आला. हात तारेवर हलका झाला होता. माणसावर अजून व्हायचा होता. की व्हायचाच नव्हता, मला आजही माहीत नाही.

जगनने माझ्याकरवी रेखाला निरोप धाडला. राहायला येऊ नकोस, फक्त एकदा ऐकून जा. मी निरोप द्यायला तयार नव्हते. पण निरोप तिचा होता, लपवायचा हक्क मला नव्हता. रेखा म्हणाली, मला तसंही विळी आणायचीच आहे.

ती दुपारी आली. मी बरोबर होते, बाटली भरून. रेखा अंगाने भरली होती, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, आणि जिना चढताना खालच्या भाजीवाल्याला अशी हाक मारली की मला जुने दिवस आठवले. जगनने घर लख्ख केलं होतं. तो उठून उभा राहिला, पडलेल्या दातामुळे धड हसताही येईना. बस म्हणाला. ती बसली नाही. स्वयंपाकघरात गेली, सासूच्या पाया पडली, विळी फळीखालून काढली आणि बाहेर आली. हातात ते पातं. मी बाटली घट्ट धरली. जगन ते पातं बघत होता, पण मागे सरकला नाही.

"ऐक फक्त," तो म्हणाला. व्हॉल्व्ह आधीच तापवून ठेवले होते. जमिनीवर बसला आणि वाजवलं. तिच्याकडचंच हळदीचं गाणं, पण असं हळू, जसं झोपलेल्याला उठवायचं नाही म्हणून कोणी गुणगुणावं. एकही सूर फाटला नाही. वाजवून झालं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तो वाट बघत होता. साफ झालं होतं ना, आता तिने म्हणायचं होतं काहीतरी.

रेखाने विळी माझ्या हातात दिली. मग त्याच्या मांडीवरची गिटार उचलून घेतली, लहान मूल घ्यावं तशी नाही, मासळीची पाटी घ्यावी तशी. विचारलं, "आवाज कुठून वाढतो?"

त्याने बोट दाखवलं. तिने अ‍ॅम्पवरची आवाजाची खुंटी पार टोकाला फिरवली. आणि उघड्या पंजाने सगळ्या तारांवर मारलं.

तो अ‍ॅम्प जो ओरडला, देवा. माझ्या कानात कळ गेली. तिने पुन्हा मारलं. पुन्हा. बोटं कापली, तारांवर रक्त लागलं, तरी मारत राहिली. प्रत्येक फटक्याला ती पेटी किंचाळत होती, आणि रेखाचं तोंड उघडं होतं, पण तिचा आवाज कुठला आणि पेटीचा कुठला ते मला कळेना. दारं उघडल्याचे आवाज आले. गॅलरीत माणसं जमली. म्हातारी स्वयंपाकघरातून धडपडत आली, पदर हातात घेऊन, सुनेच्या तोंडाकडे हात नेत.

"आरडू नको गो बाय, लोका आयाकतत!"

रेखाने तिचा हात धरला. हळूच धरला. पदर सोडवला आणि खाली केला.

"ऐकू देत आई," ती म्हणाली, आणि आणखी एकदा मारलं.

मग तिने गिटार भिंतीला टेकवली, माझ्या हातातून विळी घेतली, आणि गॅलरीतल्या लोकांमधून वाट काढत गेली. सगळे आत बघत होते.

मीही बघितलं. जगनला मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. दुसऱ्याच दिवशी तो आईला घेऊन गावी निघून गेला, मी ऑफिसात असताना. दारातून दिसला तो असा: जमिनीवर बसलेला, अ‍ॅम्पकडे पाठ करून, आयव्हनने बसवायचं तसा. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला. मागे व्हॉल्व्ह केशरी जळत होते आणि टोकाला फिरवलेल्या खुंटीमुळे पेटी अजून गुरगुरत होती. हात लांब केला असता तर बंद करता आली असती. त्याने ती बंद केली नाही.